एकच नाव, वेगवेगळे जीवाणू: जठरातला एच. पायलोरी आणि त्याची जनुके

सूक्ष्मलिपी

एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर "एच. पायलोरी पॉझिटिव्ह" एवढंच छापून येतं आणि निदान झालं असं आपण धरून चालतो. गेली बारा वर्षं मी याच जीवाणूवर प्रयोगशाळेत काम करते आहे. त्या ओळीत अर्धीच गोष्ट सांगितली जाते, असं मला दिवसेंदिवस जास्त वाटू लागलं आहे, म्हणून हा धागा.

जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी राहतो असा अंदाज आहे. जठरदाह, म्हणजे अस्तराची सूज, त्या सगळ्यांनाच थोडीफार असते, पण बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. दहातल्या एखाद-दुसऱ्याला अल्सर होतो आणि शंभरातल्या एक ते तिघांना जठराचा कर्करोग. दुसऱ्या बाजूने पाहिलं, तर जठराच्या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांमागे हाच जीवाणू सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला पहिल्या गटातला, म्हणजे खात्रीने कर्करोग घडवणारा, कर्कजनक ठरवलं. मग एकाच्या पोटात पन्नास वर्षं गुपचूप राहणारा जीवाणू दुसऱ्याच्या पोटात आतड्याच्या तोंडाशी भोक का पाडतो?

उत्तराचा एक मोठा भाग जीवाणूच्या जनुकांत आहे. ते आधी डोळ्यांना कसं दिसतं ते सांगते. बायोप्सीचा, म्हणजे अस्तरातून काढलेला, कण रक्त घातलेल्या अगारच्या (जीवाणू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर पसरायचा, कमी ऑक्सिजनच्या डब्यात ३७ अंशांवर ठेवायचा आणि थांबायचं. पहिले दोन दिवस प्लेट कोरी असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती तिरक्या उजेडात धरली की टाचणीच्या टोकाएवढे, पाण्याच्या थेंबासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. (या संथपणामुळेच त्याचा शोध लांबला होता. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांच्या प्लेट दोन दिवसांनी टाकून दिल्या जायच्या. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या तशाच राहिल्या आणि जीवाणू उगवला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.) एका रुग्णाच्या ठिपक्यांतून डीएनए काढून जेलवर सोडला की पट्ट्यांची एक नक्षी उमटते. दुसऱ्या रुग्णाची नक्षी वेगळी, तिसऱ्याची आणखी वेगळी. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन रुग्णांची नक्षी अगदी सारखी आलेली मी अजून पाहिलेली नाही. बहुतेक जीवाणूंच्या बाबतीत असं होत नाही.

पहिला पूर्ण जनुकसंच १९९७ मध्ये वाचला गेला, २६६९५ नावाच्या वाणाचा (वाण म्हणजे एकाच जातीच्या जीवाणूचा एक प्रकार). डीएनएची सुमारे १६ लाख ६८ हजार अक्षरं आणि जवळजवळ १,६०० जनुकं. दोन वर्षांनी जे-९९ हा दुसरा वाण वाचला, तेव्हा सहा-सात टक्के जनुकं एकात आहेत आणि दुसऱ्यात नाहीत असं निघालं. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी जी यंत्रणा इतर अनेक जीवाणूंत असते, तिचे नेहमीचे भाग याच्यात नाहीत, त्यामुळे चुका टिकून राहतात. शिवाय शेजारी मरून पडलेल्या जीवाणूचा डीएनए हा सहज आत ओढतो आणि स्वतःच्या डीएनएत मिसळून टाकतो. एकाच जठरात दोन वाण आले, तर काही वर्षांत तिथे दोघांच्या मिश्रणातून नवेच वाण तयार झालेले असतात.

आता रोगाशी थेट नातं असलेलं जनुक. काही वाणांत सुमारे ४० हजार अक्षरांचा एक तुकडा असतो, त्याला कॅग बेट म्हणतात. या बेटावरच्या जनुकांपासून एक सुई तयार होते. जीवाणू ती आपल्या जठराच्या पेशीला टेकवतो आणि कॅग-ए नावाचं प्रथिन थेट पेशीच्या आत सोडतो. आत गेल्यावर आपल्याच पेशीची एन्झाइमं त्याला फॉस्फेट जोडतात. ते नेमकं जोडलं जातं ती जागा म्हणजे पाच अमिनो आम्लांची एक ओळ, तिला एपिया म्हणतात. फॉस्फेट लागलेलं कॅग-ए मग एसएचपी-२ या पेशीच्या वाढीशी संबंधित एन्झाइमला धरतं आणि ते एन्झाइम चालूच राहतं. प्रयोगशाळेत अशा पेशी लांबट, सुईसारख्या होताना दिसतात. हमिंगबर्ड पक्ष्याच्या चोचीवरून त्या रूपाला हमिंगबर्डचं नाव पडलं आहे.

या एपियाचे प्रकार आहेत. पाश्चात्त्य वाणांत शेवटचा भाग सी प्रकारचा असतो, कधी एकदा, कधी दोन-तीनदा. जपान, कोरिया, चीन या पट्ट्यातल्या वाणांत तिथे डी प्रकार असतो. फॉस्फेट घेणाऱ्या टायरोसिन या अमिनो आम्लानंतर पाचव्या जागी कोणतं अमिनो आम्ल आहे, या फरकामुळे डी प्रकार एसएचपी-२ला सुमारे शंभरपट घट्ट धरतो. सी प्रकार दोनदा आला तर त्याचीही पकड पुष्कळ वाढते. जठराच्या कर्करोगाचं प्रमाण पूर्व आशियात जास्त आहे, त्याची कारणं अनेक आहेत, पण हे एक पाचव्या जागेचं अमिनो आम्ल मी त्या यादीत वर ठेवते.

दुसरं जनुक व्हॅक-ए, त्यापासून एक विष तयार होतं. हे सगळ्याच वाणांत असतं, फरक असतो तो रूपात. त्याच्या सुरुवातीच्या भागाचे एस-१ आणि एस-२, मधल्या भागाचे एम-१ आणि एम-२, आणि २००७ पासून माहीत झालेले आय-१ व आय-२ असे प्रकार आहेत. एस-१ आणि एम-१ एकत्र आले की विष जहाल असतं, पेशीत पोकळ्या पडतात. एस-२ असला तर ते जवळजवळ निष्प्रभ. रिपोर्ट मात्र दोघांचाही "पॉझिटिव्ह" असाच येतो.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

---

निरंजन_वाट

ताई, फार दिवसांनी या विषयावर कुणीतरी सविस्तर लिहिलं. मला तीन वर्षांपूर्वी ड्युओडेनल अल्सर, म्हणजे आतड्याच्या तोंडाशी अल्सर, झाला, रक्ताची उलटी होऊन ॲडमिट व्हावं लागलं. बायकोची तपासणी केली तर तीही पॉझिटिव्ह, पण तिला साधी जळजळसुद्धा नाही. एका घरात, एका ताटात जेवणारी आम्ही दोघं. जीवाणू एकच असेल ना? मग मलाच का?

---

सूक्ष्मलिपी

निरंजन, एकच असेल असं धरू नका. हा संसर्ग बहुतेक वेळा लहानपणी लागतो, घरातल्या माणसांकडून आणि त्यातही आईकडून जास्त. तुमचा तुमच्या माहेरचा म्हणू या आणि त्यांचा त्यांच्या, असे दोन वेगळे वाण असण्याचीच शक्यता अधिक. तुमच्याकडे कॅग बेट असेल, त्यांच्याकडे नसेल. किंवा दोघांकडे असेल आणि फरक जठराचा असेल.

ही दुसरी शक्यताही तितकीच महत्त्वाची आहे. सूज जठराच्या खालच्या टोकाला असेल तर आम्ल वाढतं आणि पुढे आतड्याच्या तोंडाशी अल्सर होतो. सूज वरच्या मोठ्या भागात पसरली तर आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथीच झिजतात, आम्ल कमी होतं आणि तो रस्ता कर्करोगाकडे जातो. २००१ मध्ये जपानमधून १,५२६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी पावणेआठ वर्षांच्या काळात संसर्ग असलेल्या १,२४६ पैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला, संसर्ग नसलेल्या २८० पैकी एकालाही नाही. आणि ड्युओडेनल अल्सर असलेल्यांपैकीही एकालाही नाही. तुम्ही भोगलंत ते कमी नव्हतं, पण हे तुम्हाला माहीत असावं.

---

काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रोज या बायोप्सी बघतो, म्हणून थोडी भर घालतो.

गिम्सा रंग दिलेल्या काचेवर अस्तराच्या वरचा श्लेष्म फिकट दिसतो आणि त्यात निळ्या, जरा वळलेल्या बारीक काड्या, पेशींच्या कडेला झुंडीने लागलेल्या. खाली ग्रंथींच्या मध्ये लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी दाटलेल्या, आणि संसर्ग जोरात असेल तर न्यूट्रोफिल ग्रंथीच्या भिंतीत शिरलेले (तिन्ही शरीराच्या संरक्षक पेशी). त्या निळ्या काड्यांकडे पाहून वाण कोणता ते मला कधीही सांगता आलेलं नाही. काचेवर सगळे सारखेच. त्यांनी काय नुकसान केलं आहे तेवढं मी सांगू शकतो.

एक गोष्ट रुग्णांना कुणी सांगत नाही, ती इथे लिहितो. दीर्घ सूज, मग ग्रंथींची झीज, मग जठराच्या अस्तराला आतड्यासारखं रूप येणं, मग पेशींची विकृत वाढ आणि शेवटी कर्करोग, अशी पायरी-पायरीने जाणारी साखळी पेलायो कोरेया या पॅथॉलॉजिस्टांनी मांडली. तिसऱ्या पायरीवर काचेवर गॉब्लेट पेशी दिसू लागतात, म्हणजे जठरात आतडं उगवल्यासारखं. तिथे जीवाणूला राहता येत नाही, तो निघून जातो. त्यामुळे सर्वांत जास्त झिजलेल्या जठराचा रिपोर्ट कधी कधी "निगेटिव्ह" येतो आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. "निगेटिव्ह"च्या खाली झीज किंवा इंटेस्टिनल मेटाप्लेझिया (हीच ती तिसरी पायरी) लिहिलेलं असेल, तर ती ओळ डॉक्टरांना दाखवा आणि पुढे काय करायचं ते विचारा.

आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असताना तपासणी केली तरी खोटा निगेटिव्ह येतो. निदान दोन आठवडे आधी त्या डॉक्टरांना विचारून बंद कराव्या लागतात.

---

ऋतुजा_क

काचपट्टी सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझे बाबा चार वर्षांपूर्वी जठराच्या कर्करोगाने गेले. त्यांच्या जुन्या फाइलमध्ये आठ वर्षांपूर्वीचा एक रिपोर्ट आहे, जीवाणू नाही असा, आणि खाली "मेटाप्लेझिया" हा शब्द. आम्हाला तेव्हा कुणी काही म्हणालं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

माझा प्रश्न माझ्या आणि भावाच्या बाबतीत आहे. बाबांचाच वाण आमच्याकडे आला असेल का? आणि तो घातक आहे की नाही हे कळायची सोय आहे का?

---

काचपट्टी

ऋतुजा, वाचून वाईट वाटलं. तो शब्द तुमच्या लक्षात यायला हवा होता असं अजिबात नाही. तो समजावून सांगणं हे आमचं काम होतं.

---

सूक्ष्मलिपी

ऋतुजा, वडिलांचा वाण तुमच्याकडे असू शकतो. जवळच्या नातलगांत बऱ्याचदा एकमेकांशी नातं असलेले वाण सापडतात. कॅग-ए, व्हॅक-ए प्रयोगशाळेत तपासता येतात. पण तुमच्या बाबतीत ते तपासून निर्णय बदलणार नाही. आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कर्करोग झाला असेल, तर जीवाणू आहे का ते बघायचं आणि असेल तर काढायचा, वाण कोणताही असो. कोरियात अशाच जवळच्या नातलगांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. जीवाणू काढण्याचे उपचार दिलेल्या ८३२ पैकी १० जणांना पुढे कर्करोग झाला, नुसत्या दिखाऊ गोळ्या दिलेल्या ८४४ पैकी २३ जणांना. सुमारे नऊ वर्षांत धोका निम्म्याहून खाली आला.

आणि माणसाची जनुकंही बघायला हवीत. जपानमधून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बीआरसीए-१, बीआरसीए-२ आणि त्यांच्या जातीच्या काही डीएनए-दुरुस्ती जनुकांत दोष असलेले लोक तपासले. जीवाणू असेल आणि असा दोषही असेल, तर वयाच्या ८५ व्या वर्षापर्यंत जठराचा कर्करोग होण्याचा धोका ४५.५ टक्के निघाला. जीवाणू असून दोष नसेल तर १४.४ टक्के. बीआरसीएचे दोष स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाशीही जोडलेले आहेत, म्हणून घरात त्यांचा इतिहास असेल तर डॉक्टरांना तेही सांगा.

---

अक्षरगणित

मी जीवशास्त्राचा नाही, डीएनएच्या अक्षरांवर प्रोग्राम चालवतो. या जीवाणूत मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटली ती जनुकं चालू-बंद करण्याची त्याची पद्धत.

डीएनएची अक्षरं तीन-तीनच्या गटांनी वाचली जातात. समजा वाक्य आहे: "सरळ चालत घरात पळत". प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. आता दुसरं अक्षर गाळा आणि पुन्हा तीन-तीन वाचा: "सळचा लतघ रातप ळत". पुढचं सगळं निरर्थक झालं. एच. पायलोरीच्या काही जनुकांच्या सुरुवातीला सीटीसीटीसीटी अशी दोन अक्षरांची लांब माळ असते. नक्कल करताना या माळेवर यंत्र घसरतं आणि एखादी सीटी जास्त किंवा कमी पडते. जनुक बंद. पुढच्या एखाद्या पिढीत पुन्हा घसरतं आणि चालू. जठराच्या भिंतीला चिकटणारी सॅब-ए आणि ओआयपी-ए ही प्रथिनं अशीच चालू-बंद होतात. लाखो जीवाणूंच्या झुंडीत काही चालू, काही बंद, आणि त्या वेळच्या जठरात ज्यांचं निभतं ते वाढतात.

सूक्ष्मलिपी, चिकटण्याचा आणि रक्तगटाचा संबंध आहे असं वाचलं होतं. खरं का?

---

सूक्ष्मलिपी

तीन अक्षरांचं उदाहरण इतकं नेमकं आहे की मी ते विद्यार्थ्यांना सांगणार आहे.

हो, खरं आहे. बॅब-ए नावाचं प्रथिन आपल्या अस्तरावरच्या लुईस-बी या साखरेला धरतं आणि ती रक्तगटाच्या कुटुंबातली आहे. ओ गटाच्या लोकांत ड्युओडेनल अल्सर जास्त असतो, हे तर जीवाणू सापडण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. २००४ मध्ये दाखवलं गेलं की बहुतेक ठिकाणचे वाण ए, बी, ओ तिन्ही प्रकारच्या साखरेला धरू शकतात, पण दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत, जिथे जवळजवळ सगळे ओ गटाचे आहेत, तिथले बरेच वाण फक्त ओच्याच साखरेला घट्ट धरतात. समोरची माणसं जशी, तशी जीवाणूनेही आपली पकड बदलली.

आणि हे बदल पिढ्यान्‌पिढ्यांचेच असतात असंही नाही. जे-९९ हा वाण ज्या रुग्णाकडून आला, त्याच्याकडून सहा वर्षांनी पुन्हा नमुने घेतले, तर त्याच वंशाचे पण एकमेकांहून थोडे वेगळे असे अनेक जीवाणू निघाले.

---

पांथस्थ

चर्चा आवडली, पण माझं मत जरा वेगळं आहे. हा जीवाणू माणसाबरोबर हजारो वर्षं आहे ना? मग तो आपलाच नाही का? सरसकट अँटिबायोटिक देऊन त्याला काढणं मला पटत नाही.

---

सूक्ष्मलिपी

पांथस्थ, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. माणूस सुमारे ५८ हजार वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेतून बाहेर पडला तेव्हा हा पोटात होताच, असं २००७ मधला जनुकीय अभ्यास सांगतो. माणसं कुठून कुठे गेली हे याच्या जनुकांवरून वाचता येतं. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओत्झी या माणसाच्या जठरातूनही याचा जनुकसंच २०१६ मध्ये मिळाला.

काही वैद्यकीय निरीक्षणंही तुमच्या बाजूची आहेत. कॅग-ए असलेला जीवाणू ज्यांच्यात असतो, त्यांच्यात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा एक प्रकारचा कर्करोग कमी आढळतो.

पण जुनी सोबत म्हणजे निरुपद्रवी सोबत नव्हे. कोलंबियाचं उदाहरण बघा. तुमाको हे किनाऱ्यावरचं गाव आणि तुकेरेस अँडीजच्या डोंगरातलं, अंतर सुमारे २०० किलोमीटर. दोन्हीकडे जवळजवळ सगळ्यांना संसर्ग आहे. तरी डोंगरातल्या लोकांत जठराच्या कर्करोगाचा धोका सुमारे २५ पट. २०१४ मध्ये माणसांची आणि त्यांच्याच पोटातल्या जीवाणूंची जनुकं शेजारी ठेवून पाहिली. किनाऱ्यावरच्या लोकांचं मूळ बरंचसं आफ्रिकी आणि जीवाणूचं मूळही आफ्रिकी. डोंगरातले लोक मुख्यतः मूळ अमेरिकी वंशाचे, पण त्यांच्या जीवाणूत आफ्रिकी अंश शिरलेला. जिथे माणूस आणि जीवाणू एकमेकांना नवखे होते, तिथे जठराची हानी जास्त होती. म्हणजे जुनी सोबत कदाचित सांभाळून घेते, पण माणसं आणि जीवाणू दोघंही इतके मिसळले आहेत की कुणाच्या पोटात कोणती जोडी आहे हे बाहेरून कळत नाही. अल्सर झालेल्याला किंवा घरात कर्करोग झालेल्याला "राहू द्या" असं मी कधीच म्हणणार नाही.

---

पांथस्थ

अन्ननलिकेचं आणि कोलंबियाचं दोन्ही माहीत नव्हतं. माझं "सरसकट" मागे घेतो.

---

निरंजन_वाट

मग एक साधी तपासणी का नाही, जी सांगेल की हा वाण वाईट आहे, याला काढा, तो चांगला आहे, त्याला सोडा?

---

सूक्ष्मलिपी

कारण एका जनुकावर ते ठरत नाही. पूर्व आशियात जवळजवळ प्रत्येक वाणात कॅग-ए असतं, ज्यांना काहीही होत नाही त्यांच्यातही. तिथे "कॅग-ए पॉझिटिव्ह" म्हटल्याने रुग्ण आणि निरोगी वेगळे करता येत नाहीत. २००५ मध्ये डीयूपी-ए नावाचं जनुक पुढे आलं, ड्युओडेनल अल्सर वाढवणारं आणि कर्करोगापासून वाचवणारं म्हणून. पण वेगवेगळ्या देशांत निष्कर्ष वेगवेगळे आले. आणि संसर्ग चालू असताना सुईच्याच एका भागात फेरफार होऊन ती बंद पडते, असं उंदीर आणि माकडांत दिसलं आहे. आज कॅग बेट आहे म्हणजे ते आज काम करतंच आहे असं नाही.

पण एक जनुकीय तपासणी आजच उपयोगाची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं: औषधाला दाद न देण्याची. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक जीवाणूच्या रायबोसोमला (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला) जिथे बसतं, तिथल्या २१४२ किंवा २१४३ क्रमांकाच्या जागी ए ऐवजी जी आला की औषध बसतच नाही. एक अक्षर बदललं की तो कोर्स फुकट जाऊ शकतो. हे बायोप्सीवरून आणि आता शौचाच्या नमुन्यावरूनही पीसीआरने कळतं.

---

निरंजन_वाट

हे माझ्याच बाबतीत झालं असणार. मला पहिला कोर्स क्लॅरिथ्रोमायसिनचाच होता. गोळ्या संपल्या, पोट शांत झालं, ज्या रुग्णालयात होतो तिथे पुन्हा तपासायला कुणी सांगितलं नाही. अकरा महिन्यांनी पुन्हा काळी शौच, म्हणजे आत रक्तस्राव. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "जीवाणू गेला की नाही ते बघितलं होतं का?" मग बिस्मथसह चार औषधांचा चौदा दिवसांचा कोर्स. तोंडाला सतत धातूची चव, जीभ काळी. पण शेवटची गोळी घेतल्यावर सहा आठवड्यांनी श्वासाची तपासणी केली. एका पिशवीत फुंकायचं, मग कार्बन-१३ घातलेलं युरियाचं पाणी प्यायचं, अर्ध्या तासाने दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. निगेटिव्ह आली. बायकोचाही कोर्स त्यानंतर झाला.

---

सूक्ष्मलिपी

तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारावा. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवीच. पोट शांत होणं म्हणजे जीवाणू जाणं नव्हे. आणि दुसऱ्या खेपेला तेच अँटिबायोटिक पुन्हा घेऊ नये, कारण पहिल्या कोर्सातून वाचलेले बहुतेक त्या अक्षरबदलाचेच असतात.

---

ऋतुजा_क

काल भावाशी बोलले. बाबांची फाइल घेऊन आम्ही दोघं गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी मेटाप्लेझियाची ती ओळ स्वतः पेनाने अधोरेखित केली आणि दोघांचीही एंडोस्कोपी सांगितली, वरच्या आणि खालच्या दोन्ही भागांतून बायोप्सी घ्यायची म्हणाले. भाऊ जळजळीसाठी रोज एक गोळी घेतो, ती आजपासून बंद केली आहे. तारीख सतरा दिवसांनंतरची आहे. रिपोर्ट आला की इथेच लिहीन.